इंजिन कुणी खाल्लं

भाच्याने चाळिशी ओलांडली होती, कपाळ वरवर सरकत टाळूपर्यंत पोचलं होतं, तरी अख्खी गल्ली त्याला भाचाच म्हणायची. कारण तो मावशीचा भाचा. मावशीलाही सगळे मावशीच म्हणत, पण तिच्या बाबतीत ते नातं नव्हतं, हुद्दा होता.

आई गेल्यावर हा लहानपणीच मावशीच्या दारात आला. तिने त्याला शाळेत घातलं नाही, ट्रॅक्टरवर घातलं. शेडमागच्या खोलीत एक खाट दिली आणि वर तो उपकार रोज ऐकवला. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायची, "एक ट्रॅक्टर सांभाळता येत नाही, बायको काय सांभाळणार?" माझं वेल्डिंगचं दुकान तिच्या आवाराच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे तिच्या तोंडाचा पट्टा मी इतकी वर्षं फुकटात ऐकत आलोय.

गेल्या वर्षापासून ट्रॅक्टर दमला होता. विटांनी भरलेली ट्रॉली लावली की भट्टीजवळचा चढ चढेना. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायची, मग चालू झालाच तर निळ्या धुराने माझं दुकान भरून जायचं. भाचा येईल त्याला धरून सांगायचा, "इंजिन गेलंय हो, पिस्टनच्या रिंगा गेल्यात." म्हातारी माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात तसा तो त्या इंजिनाबद्दल बोलायचा. खरं सांगतो, मलाही कंटाळा यायचा.

मावशीचं एकच उत्तर. "खराबी इंजिनात नाही, सीटवर आहे."

तिच्या धाकट्या दिराचा मुलगा नुकताच लायसन काढून रिकामा फिरत होता. त्या पुतण्यावर तिचा भारी जीव. भट्टीवाल्याने तिसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा ती आवारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भाच्याला म्हणाली, "उद्या मिस्त्रीला बोलावते. इंजिन चांगलं निघालं तर परवापासून पुतण्या गाडी चालवील. तू तुझं बघ."

भाच्याला याचा आनंद झाला. भिंतीवरून डोकावून मला म्हणाला, "दादा, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. मिस्त्री काय डोळे मिटून येणार आहे?"

मिस्त्रीने आधीच निरोप धाडला होता, मी येईपर्यंत कुणी गाडी चालू करायची नाही. गरम इंजिन खोटं बोलतं, थंड इंजिन खरं. आल्याबरोबर त्याने इंजिनावर तळहात ठेवून खात्री केली, मग स्टार्टर मारायला लावला. बऱ्याच कण्हण्यानंतर गाडी चालू झाली. मिस्त्रीने ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि तिथेच उलटं ठेवलं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचावा तसं ते नाचलं आणि उडून खाली पडलं. रिंगा झिजल्या की आतला दाब असा भलत्याच तोंडातून बाहेर येतो.

"बघा!" भाच्याने टाळी वाजवली.

"झाकण पडलं म्हणून इंजिन उतरवायचं?" मावशी म्हणाली.

मिस्त्रीने वाद घातला नाही. गाडी बंद करून एकेक नोझल काढलं, तिथे आतला दाब मोजायचं कॉम्प्रेशनचं मीटर लावून स्टार्टर मारायला सांगितलं. काटा जेमतेम हलला. मग त्याने सिलिंडरमध्ये थोडंसं ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. आता काटा चांगला वर गेला.

"ऑइल टाकल्यावर प्रेशर धरतंय," मिस्त्री म्हणाला, "म्हणजे वॉल्व्ह ठीक आहेत. रिंगा आणि लायनर साफ झिजलेत. इंजिन उतरवावंच लागेल मावशी, इलाज नाही."

भाच्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मावशीसमोर त्याचं बरोबर ठरवलं होतं. तो माझ्याकडे बघून हसला, मिस्त्रीकडे बघून हसला, शेवटी धीर करून मावशीकडे बघूनही हसला.

मावशी चिडली नाही. तिथेच मला धास्ती वाटली. ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "म्हणजे तुला आधीपासून कळलं होतं."

"मला नाही तर कुणाला कळणार? इतकी वर्षं मीच चालवतोय की!"

"तूच? दुसऱ्या कुणी कधी चालवला नाही?"

"कुणी नाही!" भाचा छाती काढून म्हणाला. "मी हात लावू देतो होय? पुतण्याला तर सीटवर बसूसुद्धा दिलं नाही."

मावशी मिस्त्रीकडे वळली. "ऐकलंत ना? मग आता तुम्हीच सांगा, इंजिन खाल्लं कुणी?"

भाच्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्याला अजून कळलंच नव्हतं.

मला राहवलं नाही. मी भिंत ओलांडून गेलो आणि एअर क्लीनरची खालची वाटी काढून तिच्यासमोर धरली. या वाटीत ऑइल असतं आणि हवेतली धूळ त्यात अडकते. वाटी ठणठणीत कोरडी होती. "मावशी, सगळी धूळ थेट इंजिनात गेलीय. हा तुमच्याकडे ऑइल मागत होता, मी माझ्या कानांनी ऐकलंय. हवेला कसलं ऑइल लागतं, असं तुम्हीच म्हणायचात."

"तुम्ही तुमच्या दुकानात ठिणग्या पाडा," ती म्हणाली. "माझ्या घरात नको."

मी मिस्त्रीकडे बघितलं. त्याने फडक्याला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले आणि म्हणाला, "आता काय सांगायचं, शेवटी चालवणाऱ्यावर असतं." इंजिनाचं एवढं मोठं काम पदरात पडणार होतं, खरं कशाला बोलेल तो? त्या दिवसापासून त्या माणसाशी मी बोलत नाही.

इंजिन उतरवायला साखळी ओढली ती भाच्यानेच. डिझेलच्या घमेल्यापाशी बसून एकेक पार्ट घासलाही त्यानेच. त्याला तिने घालवलं मात्र नाही. "माणसाला रस्त्यावर काढणारी बाई नाही मी," असं ती आल्यागेल्याला सांगते. इंजिन तयार झालं, पुतण्या सीटवर बसला आणि एअर क्लीनरसाठी ऑइलचा नवाकोरा डबा आला. ते बदलायचं काम भाच्याकडे. गाडी धुवायची, डिझेल भरायचं, पुतण्या उतरला की चिखल काढायचा, हेही भाच्याकडेच.

परवा तो पाण्याची बादली घेऊन माझ्या दाराशी थांबला. ट्रॅक्टर भट्टीचा चढ चढत होता, आवाज इथपर्यंत येत होता, एकसारखा, कुठेही न अडखळता. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "मीच खाल्लं असेल का हो?"

मी भडकलोच. "वेड लागलंय का तुला? वाटी कोरडी होती. ऑइल तिने दिलं नाही. तू काय करणार होतास?"

त्याने मान हलवली आणि बादली उचलली.

"पण चालवत तर मीच होतो ना," तो म्हणाला.