ड्रायव्हरकाकांची बैठकव्यवस्था

आमच्या कॉलेजची बस चालवणारे ड्रायव्हरकाका उंचीने पाच फूट चार इंच. स्टिअरिंगच्या वरून रस्ता नीट दिसावा म्हणून सीटवर एक उशी ठेवतात. या माणसाने मुलींच्या बास्केटबॉल संघाला तीन वर्षं शिकवलं, असं बाहेर सांगितलं की लोक आधी हसतात. मी कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे आणि सामन्यांत गुणपत्रक लिहायला टेबलाशी बसतो. त्यामुळे पुढचं सगळं समोरून पाहिलेलं आहे.

तरुणपणी काका एका कारखान्यात होते आणि कामगारांच्या संघातून खेळत. कारखाना बंद पडला, संघ पांगला. मग वीस वर्षं मालट्रक चालवून ते आमच्याकडे आले. तेव्हा आमचे क्रीडाशिक्षक नोकरी सोडून गेले होते आणि मुली आपल्या आपणच खेळत. एकदा चेंडू बसखाली गेला. काकांनी तो काढून असा फेकला की मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलीला हात हलवावासुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुली त्यांना न्यायला बसपाशी हजर.

त्यांच्या बायकोचं यावरचं मत मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. "घरी दार वाजलं तर उठायला यांना पाच मिनिटं लागतात, आणि तिथं परक्यांच्या पोरींना पळवतात."

"दाराशी कोण आहे ते मला बसल्या जागी कळतं," काका म्हणाले. "म्हणून उठत नाही."

आमच्या मुली सगळ्याच ठेंगण्या, एक सोडली तर. उंच संघांशी रिंगखाली झोंबणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. म्हणून काकांनी वेगाचा मार्ग धरला. आपल्या रिंगखाली चेंडू हाती आला की चार सेकंदांत तो समोरच्या रिंगपाशी गेला पाहिजे, समोरच्या मुली वळायच्या आत. "चेंडूला दम लागत नाही, तुम्हाला लागतो. मग पळवायचं कोणाला?" असं ते विचारत.

चेंडू पळवायचा तर बघत बसायला सवड नसते. आपली मैत्रीण कुठं असेल हे आधीच ठाऊक असावं लागतं. त्यावर काकांनी काढलेला उपाय मी दुसऱ्या कुठल्या संघात पाहिला नाही. त्यांनी बसमध्ये आपल्या सीटमागे एक यादी चिकटवली. सामन्याला जाता-येताना एका बाकावर दोघी, आणि जोडी दर आठवड्याला बदलायची. गप्पा कशाच्याही मारा, पण मारा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, पुढची गाडी आत्ता कुठं आहे ते कोणालाही दिसतं. दोन क्षणांनी कुठं असेल ते कळायला चालवणाऱ्याचा स्वभाव कळावा लागतो."

या यादीला एकच अपवाद होता. भिंगरी आणि जिराफ. भिंगरी संघातली सर्वांत चपळ, पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी इतकी. जिराफ म्हणजे ती एकुलती एक उंच मुलगी. शाळेपासूनच्या मैत्रिणी. भिंगरी मान न वळवता चेंडू उजव्या कोपऱ्यात फेकी आणि जिराफ तिथं असेच. निम्मे गुण या जोडीचे. त्यांना वेगळं बसवायला काकांचा जीव होईना. चालू इंजिन कशाला उघडायचं, हा त्यांचा विचार.

यंदा प्राचार्यबाईंनी काकांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की ड्रायव्हरने संघ चालवणं नियमात बसत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ शेवटच्या चारांत आला तर त्या व्यवस्थापन मंडळाशी भांडतील. नाही आला तर पुढच्या वर्षी शिकलेला प्रशिक्षक येईल आणि काकांनी बसमध्ये थांबायचं. काका "बरं" म्हणून बाहेर आले. माझ्या टेबलाशी मात्र जरा रेंगाळले. "बसमधून मैदान दिसतं तसं," म्हणाले, "पण काच असते मध्ये."

संघ जिंकत शेवटच्या आठांत गेला आणि सरावात जिराफचा घोटा मोडला. तिच्या जागी आजी आली. आजी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, म्हणून हे नाव. ती आली ते चांगलंच, निदान संघात एक तरी वडीलधारं माणूस, अशी मुलींनी थट्टा केली.

सामना सुरू झाला आणि जे व्हायचं तेच झालं. भिंगरी विजेसारखी निघाली, मान न वळवता चेंडू उजव्या कोपऱ्यात फेकला. तिथं कोणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर. पुन्हा तेच. अर्ध्या खेळात सहा वेळा चेंडू त्या रिकाम्या कोपऱ्यात गेला. मध्यंतराला आम्ही बावीस, समोरचे एकोणतीस.

"तू तिथं का नसतेस?" भिंगरीने आजीला धरलं.

"तिथं म्हणजे कुठं?" आजी बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "मी कोपऱ्यापर्यंत जातच नाही. पोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. मी अर्ध्या वाटेत थांबते. तिथं कोणी आडवं येत नाही."

"मग सांगायचं ना."

"कधी? बसमध्ये तुझ्या शेजारी जागा रिकामी झाली, तर तिथं तू बॅग ठेवलीस."

कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "चूक माझी आहे. सगळ्यांना नियम लावला आणि तुम्हा दोघींना सोडलं. आता दोघी बाहेर बसा. शेजारी शेजारी. आणि बोला."

"आत्ता?" भिंगरीचा विश्वास बसेना. "काका, आपण हरतोय."

"तेच थांबवायचंय."

तिसरा भाग सुरू झाला आणि सर्वांत चपळ मुलगी बाकावर. प्राचार्यबाई प्रेक्षकांतून उठून माझ्याकडे आल्या. "यांनी हातपाय गाळले का? विचारा त्यांना." मी मागे वळून निरोप पोचवला.

"गिअर बदलताना गाडी क्षणभर मंदावतेच, म्हणावं," काका म्हणाले. आवाज शांत होता, पण शिट्टीची दोरी बोटाला इतकी आवळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

पाच मिनिटं त्या दोघी बाकावर होत्या. आधी भिंगरी तोंड फिरवून बसली. मग आजीने बोटाने मैदानावर काही दाखवलं. भिंगरीने मान हलवली, नाही म्हणून. आजीने पुन्हा दाखवलं. तेवढ्यात आम्ही बारा गुणांनी मागे पडलो.

दोघी आत गेल्या. पहिला चेंडू भिंगरीने मान वळवून, बघून टाकला. उशीर झाला, तरी पोचला. दुसरा थोडा लवकर. चौथ्या-पाचव्या वेळी तिने बघणं सोडून दिलं. चेंडू अर्ध्या वाटेत गेला आणि आजी तिथं उभी होती, जणू तासभर उभीच आहे. समोरच्या मुली धावत कोपऱ्याकडे निघालेल्या. अख्ख्या मैदानात सर्वांत सावकाश मुलगी सर्वांत आधी पोचत होती. आयुष्यभर मी चपळाई म्हणजे पाय समजत आलो. त्या दिवशी ते गणित माझ्यापुरतं चुकलं.

एक्कावन्न-एकोणपन्नास. आम्ही शेवटच्या चारांत. पुढचा सामना हरलो, पण अट पुरी झाली होती.

मंडळाशी दोन बैठका झाल्या. पत्र मीच टाइप केलं आणि काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते बसच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं.

"साहेब, 'तात्पुरते संघ-मार्गदर्शक' लिहिलंय. तात्पुरते म्हणजे किती?"

"एक वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा विचार होईल."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. "जुन्या गाडीलासुद्धा फिटनेसचं सर्टिफिकेट वर्षाचंच देतात."

पत्राची घडी खिशात घालून ते मैदानात गेले.