डब्यात नसलेलं संडास

मी रेल्वेचा डबा केला आणि त्यात संडास करायचं विसरलो.

डबा पुठ्ठ्याचा. खऱ्या एका फुटाला एक सेंटिमीटर, या मापानं दीड हात लांब. खिडक्यांना केरसुणीच्या काड्यांचे गजसुद्धा बसवले होते! तीन महिने आम्ही हुमनाबादच्या घरात कॉटवर बसून जेवलो, कारण खाली जमिनीवर माझा कारखाना पसरला होता.

हा खटाटोप सासऱ्यांसाठी. मामा (बायकोचे अप्पा) रेल्वेत गार्ड होते. कलबुर्गीला त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. माझ्याबद्दलचं मत त्यांनी लग्नाच्या बैठकीतच दिलं होतं, "पोरगं चांगलं हाय, पण हाती घेतलेलं पुरं करत न्हाई." (मी फक्त बशीत थोडं उप्पिट उरवलं होतं!) पंचवीस वर्षांनी ते मत बदलायचंच, असा माझा निर्धार.

सकाळच्या गाडीत बसलो. महानंदानं, म्हणजे बायकोनं, मांडीवरचं खोकं उघडलं. एकदा माझ्या डब्याकडं पाहिलं, एकदा खऱ्या डब्याच्या टोकाकडं.

"अहो, ह्यात संडास न्हाई."

"कुणाला कळतंय?"

"अप्पांना. ते भेट बघत न्हाईत, तपासतात."

पिशवीत पुठ्ठा, कात्री, डिंक, टेप सगळं होतं. कलबुर्गी यायच्या आत संडास उभं करायचं ठरवलं. सीटवर सुरुवात केली, तर समोरच्या एकानं खिडकी मोठी ठेवायला सांगितली, दुसऱ्यानं खिडकीच नको म्हणून सांगितलं. मग मी सामान उचललं, खऱ्या संडासात शिरलो आणि कडी लावली. माप जागेवरचं, सल्ला कुणाचा नाही!

तीन भिंती झकास जमल्या. चौथीच्या वेळी गाडी हलली आणि ती माझ्या अंगठ्याला चिकटली. बाहेर रांग लागली. एका आजीनं दार वाजवलं.

"अण्णा, कामून इतका येळ? पोट बिघडलंय का?"

"न्हाई आजी, दार बसवायलोय."

मग सगळी रांग पलीकडच्या डब्याकडं गेल्याचा आवाज आला.

गाडी थांबली. दारावर महानंदाच्या बांगड्या वाजल्या.

"कलबुर्गी आली. उतरा."

"तू हो पुढं. छत तेवढं राहिलंय."

"गाडी परत बीदरला जाती."

"अजून येळ हाय. अर्धवट सोडून मी येणार न्हाई."

"बरं," ती म्हणाली. (तिचं 'बरं' मी पंचवीस वर्षं ऐकतोय, तरी कळू नये?)

छत बसलं. डिंक वाळेपर्यंत ते दोन्ही हातांनी दाबून मी ध्यानस्थ उभा राहिलो. ध्यान मोडून दारात आलो, तोवर कलबुर्गीचं स्टेशन बरंच मागं गेलं होतं.

कमलापूरला उतरून महानंदाला फोन केला आणि कलबुर्गीची उलटी बस धरली. दाटीत चेपू नये म्हणून मुठीएवढं संडास डोक्यावर धरून उभा होतो. कंडक्टरनं विचारलं, हे काय हाय? मी खरं ते सांगितलं. पुढं तो माझ्याकडं फिरकला नाही.

घरी पोचलो, तर पंगती उठल्या होत्या आणि मामा झोपले होते. डबा त्यांच्या उशाशी होता.

"बघितला अप्पांनी?"

"भिंग लावून. म्हणाले, बाकी सगळं बराबर हाय, पण संडास कुठाय?"

"मग तू काय सांगितलंस?"

महानंदानं माझ्यापुढं गार भात वाढला.

"म्हटलं, ते पुरं झालंय अप्पा. तुमचे जावई ते घेऊन कमलापूरला गेलेत."