एक्केचाळिसावा नंबर

त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की कललीय, ते बघायला गवंडी तो सोडतात. हा मात्र गवंडी नव्हता, फरशा बसवायचा. छत्तीस वर्षं गुडघ्यांवर काढली. पण समोर कोणी वाकडं काम केलं, की हा तोंडाने काही न बोलता नुसता बघत उभा राहायचा, आणि वाकडं करणाऱ्याला आपोआप घाम फुटायचा. म्हणून ओळंबा.

गुडघे संपले तसं काम संपलं. मग उरले चित्रपट.

गावात थिएटर एकच, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दर शुक्रवारी नवा चित्रपट लागला, की ओळंबा दुपारच्या खेळाला हजर. पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची ठरलेली, कारण उजवा पाय लांब करावा लागायचा. वर्षाच्या शेवटच्या सोमवारी तो एका मोठ्या कागदावर त्या वर्षीच्या सगळ्या चित्रपटांचा निकाल लिहायचा आणि तिकीट खिडकीशेजारच्या फलकावर लावायचा. वर ठळक अक्षरात एक ओळ असायची: 'पूर्ण बघितल्याशिवाय एकही ओळ लिहिलेली नाही.'

चित्रपटांची नावं त्याच्या लक्षात राहायची नाहीत. लक्षात राहायचं काम. एका वर्षीचा कागद असा होता:

'गोदीतल्या दोन भावांचा. थोरला पोतं उचलताना आधी गुडघे वाकवतो. याने खरी पोती उचललीत. नंबर एक.

'म्हाताऱ्या शिक्षिकेचा. काही घडत नाही. पण खडूची धूळ तिच्या उजव्या बाहीवरच असते, आणि ती लिहितेही उजव्या हातानेच. नंबर दोन.

'खानावळीचा. बाई कांदा चिरते, सुरीकडे बघत नाही. रोज चिरणारी बघत नाहीच. नंबर तीन.'

आणि खालच्या अंगाला:

'युद्धाचा. तीन तास. चिखलातून लोळून आलेल्यांच्या नखांत चिखल नाही.

'डोंगरातल्या प्रेमाचा. दोघं चढ चढत गातात. धाप लागत नाही. धाप न लागणाऱ्यांचं प्रेम मला कळत नाही.

'भुताचा. भूत चांगलं. घराला बाहेरून तीन मजले, आतून दोनच.'

लोक खिडकीशी उभे राहून वाचायचे, हसायचे, तावातावाने भांडायचे. "ओळंब्याला नाचगाणी नकोत, याला मजूर पाहिजेत मजूर!" असं कोणी म्हणालं की दुसरा म्हणायचा, "पण नखांचं बोलला ते खरं आहे की नाही?" ते खरंच असायचं. म्हणून कागद वर्षभर कोणी काढत नसे.

त्या वर्षी एक्केचाळीस चित्रपट आले. एक्केचाळिसाव्या नंबरावर त्याने जो टाकला, त्यात त्याच्या मुलीचं काम होतं.

मुलगी दूरच्या मोठ्या शहरात चित्रपटांसाठी आवाज तयार करायची. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं बऱ्याचदा त्याची नसतात. बंद खोलीत कोणीतरी बूट घालून, पडद्याकडे बघत, पावलाला पाऊल जुळवत चालतं. दार लागतं, भांडं पडतं, ते सगळं असंच मागून भरतात. ती हे सात वर्षं करत होती. बापाने त्यावर कधी बरंही म्हटलं नव्हतं, वाईटही नाही. त्याच्या घरात कामाचं कौतुक करायची पद्धत नव्हती. चूक निघाली नाही म्हणजे काम चांगलं झालं, एवढं समजून घ्यायचं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला तिचा फोन आला होता.

"बाबा, फरशी नीट बसलीय का नाही, ते ठोकून कसं कळतं?"

ओळंबा खूश झाला, पण आवाजात दाखवलं नाही. "खाली माल नीट भरला असेल तर आवाज आखूड येतो. जागच्या जागी बसतो. खाली हवा राहिली असेल तर आवाज आत उतरतो आणि परत येतो. थांब, ऐकवतो."

तो स्वयंपाकघरात गेला आणि थापी घेऊन खाली बसला. बायको म्हणाली, "अहो, उठवणार कोण तुम्हाला नंतर?" त्याने थापीच्या लाकडी मुठीने ओट्याजवळची फरशी ठोकली. मग सरपटत उंबऱ्याजवळच्या फरशीपर्यंत गेला आणि ती ठोकली. ती पोकळ होती.

"ही मी बसवलेली नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "घर घेतलं तेव्हाची आहे."

"हो बाबा. परत वाजवा."

"आधीच्या माणसाचं काम आहे हे."

"कळलं. परत."

वीस मिनिटं तो ठोकत होता आणि ती तिकडे ते टिपून घेत होती. फरशी आपली नाही हे त्याने आणखी एकदा सांगितलं.

तो चित्रपट पाऊसकाळ सरल्यावर लागला. नवराबायको दोघं गेली. गोष्ट एका फरशीवाल्याची आणि त्याच्या दोन मुलींची. थोरली घर सोडून जाते, धाकटी राहते. म्हातारा स्वतःच्या घरात नवी फरशी बसवतो. ओळंबा पुढे सरकून बसला. नटाचा हात बरा होता. दोरी नीट ताणली, माल एकसारखा पसरला. शेवटची फरशी बसवून म्हाताऱ्याने थापी उलटी धरली आणि ठोकलं.

आवाज आत उतरला आणि परत आला.

ओळंब्याने तो ओळखला. त्याच्याच उंबऱ्याजवळची फरशी. पडद्यावरचा म्हातारा मान हलवून उठला, जसं काही काम चोख झालं.

थिएटरमध्ये कोणालाच काही वाटलं नाही. ओळंब्याची कानशिलं तापली. वीस मिनिटं शिकवलं, दोन्ही वाजवून दाखवल्या, आणि पोरीने भरीवच्या जागी पोकळ लावली. अदलाबदल. कोणाला कळतंय, असं म्हणून सोडून दिलं असणार. तो उठला.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"तू बघ."

आयुष्यात पहिल्यांदा तो चित्रपट अर्धा टाकून बाहेर पडला. बायको तासाभराने घरी आली. ती काही बोलणार तोच त्याने हात वर केला. "त्या पिच्चरचं नाव काढू नको."

"नाही काढत. पण कागदावर लिहिणार असाल तर आधी पूर्ण बघा."

त्याने ऐकलं नाही. शेवटच्या सोमवारी कागदावर सगळ्यात खाली लिहिलं: 'फरशीवाल्याचा. ज्याने आवाज भरले त्याने कष्ट घेतले नाहीत. नंबर एक्केचाळीस.'

दर वर्षी बायको फलकाचा फोटो काढून मुलीला पाठवायची. मुलगी वाट बघत असायची. या वर्षी पाठवू का नको, करत बायकोने तो मंगळवारी पाठवला. संध्याकाळी फोन आला. ओळंबा समोरच होता. बायकोने मुद्दाम आवाज मोठा केला.

"आई, बाबांनी लिहिलंय ते वाचलं."

"अगं, त्यांचं काय मनावर घेतेस."

"मनावर नाही घेत. बाबा कधी खोटं लिहीत नाहीत. मग बरोबरच असेल." ती पुढे म्हणाली, "फोन कंपनीतली नोकरी आलीय ना, ती मी घेतेय. टेबलाची आहे. गुरुवारपर्यंत कळवायचंय. सात वर्षं झाली आई, आणि ज्याला कळायला पाहिजे त्यालाच कळलं नाही तर काय उपयोग?"

फोन बंद झाला. बायको ओळंब्याकडे बघत राहिली. ही नजर ती त्याच्याकडूनच शिकली होती.

"मी काय खोटं लिहिलं?" तो म्हणाला.

"मला काय विचारता?"

बुधवारी सकाळी तो फलकाजवळून जात होता. तिकीट देणारी बाई खिडकीत बसून पेन्सिलला टोक काढत होती. ती पंधरा वर्षं त्या खिडकीत होती आणि मध्यंतरापर्यंत दाराशीही तीच उभी राहायची.

"काका, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"रागावलो तरी तू विचारणारच."

"ती वरची ओळ तुम्ही या वर्षी खोडायला विसरलात वाटतं."

"कुठली?"

"पूर्ण बघितल्याशिवाय लिहिलेलं नाही, ती." तिने पेन्सिलची भुकटी फुंकली. "फरशीवाल्याच्या पिच्चरला मीच तुम्हाला दार उघडून दिलं होतं. मध्यंतर व्हायचं होतं अजून. मला वाटलं पोट बिघडलं."

पाठीमागे दोघं जण कागद वाचत उभे होते. त्यांनीही ऐकलं.

"तिने आवाज उलटे लावलेत," तो हळू म्हणाला. "पुढे बघायचं काय?"

"उलटे?" बाईने पेन्सिल खाली ठेवली. "अहो काका, त्या पोकळीवर तर अख्खा दुसरा भाग उभा आहे! आज लागलाय परत. वर्षअखेरीला दुपारी जुने लावतात की आपल्याकडे. बारा वाजता. आता तरी बसा शेवटपर्यंत."

तो बारा वाजता जाऊन बसला. एकटाच. पहिला भाग परत बघितला. म्हाताऱ्याने ठोकलं. आवाज आत उतरला. या वेळी ओळंब्याने नटाच्या हाताऐवजी तोंडाकडे बघितलं. म्हातारा मान हलवत होता, पण ती समाधानाची मान नव्हती. घाईची होती. काहीतरी झाकून टाकलेल्या माणसाची.

मध्यंतर झालं. तो जागचा हलला नाही.

दुसऱ्या भागात म्हातारा मरतो. धाकटी घर आवरते. खाट ओढते, खाटेचा पाय फरशांवरून जातो. आखूड, आखूड, आखूड, आणि मग एकदम खोल. ती थांबते. खाट मागे घेते, परत पुढे ओढते. थिएटरमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. ती फरशी उचकटते. खाली थोरलीची पत्रं. घर सोडून गेल्यावर तिने बापाला लिहिलेली. म्हाताऱ्याने ती वाचलीही नव्हती आणि फाडलीही नव्हती.

चित्रपट संपला. दिवे लागले. ओळंबा बसूनच होता. आवाज उलटे नव्हते. हजार लोकांतून एखाद्याच्याच कानाला लागेल असा एक ठोका तिने पहिल्या भागात ठेवून दिला होता, आणि नेमका तो ज्याच्या कानाला लागला तो उठून निघून गेला होता.

बाहेर येऊन त्याने फलकावरचा कागद काढला.

"अहो, खोडा ना नुसतं!" खिडकीतली बाई म्हणाली.

"एक वर सरकला की सदतीस खाली सरकतात. खाडाखोड केलेला कागद मी लावत नाही."

घरी येऊन त्याने सगळा कागद पुन्हा लिहून काढला. एक्केचाळीस ओळी. दोन तास लागले. बायकोने चहा आणून ठेवला, एकदा वाकून बघितलं आणि गेली. चौथ्या नंबरासमोर लिहिलं होतं: 'फरशीवाल्याचा. हा मी आधी अर्धाच बघून शेवटी टाकला होता. वरची ओळ या वर्षी मी मोडली. चूक माझी. आता पूर्ण बघितला. ज्याने आवाज भरले त्याला काम येतं.'

तो उजेड असतानाच फलकावर कागद लावून आला. मग मुलीला फोन लावला. त्याने स्वतःहून फोन लावायची ही तिसरी-चौथी वेळ असेल.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"ती बरी आहे. मी पिच्चर बघितला. पूर्ण."

"म्हणजे?"

"आधी मध्यंतराच्या आत उठलो होतो."

"तुम्ही? तुम्ही उठून गेलात?"

"मला वाटलं तू फरशा अदलाबदल केल्यास."

"बाबा!" ती ओरडली. "त्या दोन आवाजांवर मी अकरा दिवस घालवलेत!"

"अकरा?"

"अकरा. आणि तुम्ही म्हणता कष्ट घेतले नाहीत."

"आता नाही म्हणत. लिहिलंय तसं. चूक माझी, असं लिहिलंय. सगळ्या गावाने वाचावं म्हणून लावून आलो." त्याने घसा साफ केला. "अकरा दिवस ऐकू येतात त्यात."

तिकडून कसलासा आवाज आला. हसतेय की काय, ते त्याला कळेना. मग तिने नाक ओढलं आणि विचारलं, "आता कितवा नंबर?"

"चौथा."

"चौथा का? तिसरा का नाही?"

"धाकटी अंगण धुऊन आत येते. चपला ओल्या. पावलं कोरडी वाजतात."

"काहीतरीच. कुठे?"

"खाट ओढायच्या आधी."

"थांबा." टकटक ऐकू आलं. ती चित्रपटातली ती जागा काढून ऐकत होती. एकदा ऐकली, दोनदा ऐकली. "अरे देवा," ती म्हणाली. "हे दिग्दर्शकालाही कळलं नाही बाबा. कोणालाच नाही."

"म्हणून चौथा."

"आणि खानावळीच्या पिच्चरला तिसरा दिलात तो कसा?"

"त्यात चुका मला सापडल्या नाहीत. सापडल्या तर सांग."

"सांगते की! त्या बाईची कढई प्रत्येक वेळी एकसारखीच वाजते. रिकामी असली तरी, भरलेली असली तरी."

ओळंबा विचारात पडला. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "मग तो मला परत बघावा लागेल," तो म्हणाला.

"बघाच."

मग त्याने विचारलं, "त्या टेबलाच्या नोकरीचं?"

"उद्यापर्यंत कळवायचंय."

"ते काम वाईट नाही. कुठलंच वाईट नसतं. पण तुला हे येतं. येतं ते सोडायचं असेल तर दमलीस म्हणून सोड. मी अर्धवट बघून काही लिहिलं म्हणून नको."

"दमले नाहीये मी," ती म्हणाली. "फोन ठेवू नका. आत्ताच लिहिते त्यांना."

त्याने फोन कानाला धरून ठेवला. कळा दाबल्याचे आवाज येत होते. मध्येच थांबले, काही खोडल्यासारखे भराभर आले, परत सुरू झाले. बायको दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय?" असं तिने हाताने विचारलं. त्याने तिला बोट दाखवून थांबवलं.

"पाठवलं," मुलगी म्हणाली.

"काय लिहिलंस, वाच."

"दोनच ओळी आहेत. तुमचे आभार, पण माझं इथलं काम चालू आहे, म्हणून येऊ शकत नाही."

"ठीक आहे," ओळंबा म्हणाला, आणि फोन बायकोच्या हातात दिला.