बाकावर न बसणारे

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. माणसं आठवतात, त्यांची वाक्यं आठवतात, पण रंग बदलतात. कुणाचा फेटा भगवा होता की गुलाबी, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. तरीही सोलापुरातल्या त्या दवाखान्याचे किस्से मनात साठतच गेले. ज्या दुखण्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही, त्याच्याच गोष्टी जास्त साठत असाव्यात. ते दुखणं म्हणजे मूळव्याध.

मी तेव्हा मुंबईहून डॉक्टरीची पदवी घेऊन नुकताच आलो होतो आणि थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होतो. दवाखाना विणकरांच्या वस्तीत. दुपारी दाराच्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत असत, मागांची खटखट लांबून पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येई, आणि मला कित्येकदा आपण जागे आहोत की नाही अशी शंका येई.

*

कंपाउंडर इस्माईलभाई नाडी न बघताच रोगी वेगळे करत. बाहेर एक लाकडी बाक होतं. त्यावर बसले ते ताप-खोकल्याचे. बाक रिकामं असून उभे राहिले ते 'आपले'!

एकदा एक वकील आले. बाक मोकळं. वकीलसाहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे. जानेवारी झाला, फेब्रुवारी झाला. इस्माईलभाई आत येऊन म्हणाले, "साब, वकीलसाब जून तक पहुंचे. अब बुला लेव!"

*

एक शाळामास्तर स्वतःसाठी कधीच येत नसत. दुखणं नेहमी त्यांच्या मित्राला. "मित्राला रक्त जातंय. थेंब थेंब. दुखत नाही म्हणतो."

थोरले डॉक्टर गंभीरपणे सांगत, "मित्राला म्हणावं, इसबगोल घ्या, पालेभाजी-ताक घ्या, तिखट कमी करा. कुंथत बसू नका. दोन वेळा कोमट पाण्याच्या घंगाळात बसा. पण आठ दिवसांत थांबलं नाही, तर तपासायला पाहिजे."

मास्तर दाराशी पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आणि मित्राला यायला जमलं नाही, तर तुम्ही आलात तरी चालेल!"

मास्तर आले. आठव्या दिवशी. उभेच राहिले.

*

सांगोल्याकडचा एक मेंढपाळ पोटावर झोपून बैलगाडीतून आला. वैदूनं कसला तरी जाळणारा लेप लावला होता. खालची सगळी कातडी सोलून निघालेली.

डॉक्टरांनी विचारलं, "मग रोग गेला का?"

"रोग हाय तितंच हाय की, डाक्टर! मीच जायाचा र्‍हायलो!"

*

त्या काळी लहान कोंबांना बदामाच्या तेलात औषध मिसळून सुई देत. मोठे असले, तर भूल देऊन दोऱ्यानं बांधून कापायचे. एका आडत्याला हे सगळं मी फार विद्वत्तेनं समजावलं. शेठजींचं लक्ष एकाच शब्दावर.

"बदामाचं तेल? खरं बदाम?"

"हो."

"मग तोंडानं द्या की, डाक्टर! एवढी महागाची वस्तू असल्या जागी कशाला?"

*

एकदा म्युनिसिपालिटीतला एक कारकून पांढराफटक होऊन धावत आला. धोतर मागून लाल! "डॉक्टर, मी चाललो!" म्हणून त्यानं टेबलाला मिठीच मारली. मी तपासलं. सगळं ठणठणीत. वाटेत तो एका ओट्यावर टेकला होता आणि तिथं रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी ठेवलेल्या होत्या.

त्या दिवशी दवाखाना हसला, मी सगळ्यांत जास्त हसलो. आता वाटतं, तेवढं हसायला नको होतं.

*

कारण त्याच आठवड्यात राजय्या आला. तेलुगू घरातला, चाळिशीचा, हात उपरण्यात गुंडाळलेले. बाकाशेजारी उभा राहिला. आत आल्यावर खाली बघत म्हणाला, "साहेब, धोतराला लाल लागतंय. रोज."

मी विचारलं, "काम काय करता?"

"रंगाईचं."

मला कारकून आठवला. मी हसून म्हणालो, "अहो, मग रंगच लागत असेल!"

त्यानं वर पाहिलं. इतका आनंदी चेहरा मी त्या दवाखान्यात दुसरा पाहिला नाही. "व्हय साहेब, रंगच असंल. लई बरं झालं तुमी सांगितलं!" नमस्कार करून गेला.

दोन महिन्यांनी त्याची बायको त्याला टांग्यातून घेऊन आली. आणि तो बाकावर बसला! इस्माईलभाईंनी त्याला तापवाल्यांत धरलं. तो बसला होता, कारण त्याला उभं राहवत नव्हतं.

थोरल्या डॉक्टरांनी त्याची पापणी खाली ओढली. आत कागदासारखं पांढरं. मग बोटानं तपासलं. मूळव्याधच होती, दुसरं काही नाही. पण रोज थोडं थोडं करत अंगातलं रक्त संपत आलं होतं. मी चाचरत म्हणालो, "मागे आले होते. मला वाटलं, रंग..."

डॉक्टरांनी त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. हात धुवायला गेले.

राजय्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. कित्येक आठवडे लोहाची औषधं, मग भूल देऊन कोंब बांधले. टिकेल की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. मी रोज संध्याकाळी त्याच्या खाटेपाशी जाऊन उभा राही. बसायचा धीर होत नसे. तो वाचला.

नंतर डॉक्टर एवढंच म्हणाले, "रक्त म्हणून कुणी आला की पाहायचं. ताजं लाल असो, काळपट असो. मूळव्याध म्हणून सोडायचं नाही, रंग म्हणूनही नाही. खुर्चीतून सांगायचं नाही."

त्यांनी हात का पाहिले, हे मी विचारलं नाही. नखं पांढरी पडलीत का ते बघत असावेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. माझ्या आठवणीत राजय्याचे हात लालच होते.

खूप वर्षांनी, माझेही केस पिकल्यावर, मी त्या आळीत गेलो. राजय्या म्हातारा होऊन, अंथरुणाला न खिळता गेला होता. त्याच्या मुलीनं चहा दिला. मी सहज म्हणालो, "तुमच्याकडे लाल रंगाचं काम असायचं, नाही?"

"छे, काका! आमच्यात निळीचंच पिंप. लाल रंग आमी कदी केलाच न्हाई."

पिंप अंगणात आडवं पडलेलं होतं. मी वाकून आत पाहिलं.

निळंच होतं.