उतारावरचा न्यूट्रल

मरोळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच निदान करून टाकलं. "मॅडम, तुम्ही दोन पायांनी चालवता ना? उजवा ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर. लेडीज लोकांचं हेच असतं."

स्कूटरच्या अपघातापासून माझा डावा गुडघा वाकत नाही. मी दार उघडलं, काठी टेकून उतरले आणि त्याला तो पाय दाखवला. ओशाळण्याचं नाव नाही. "मग ट्रॅफिकमुळे असेल," म्हणाला आणि तोंडातली सुपारी चघळत राहिला.

क्लच दाबता येत नाही म्हणूनच तर मी ऑटोमॅटिक घेतली होती. जुनी, आधी दोघांच्या हाताखालून गेलेली, पण माझ्या पगाराची. रिक्षात बसले तर माझा पाय बाहेर राहतो, आणि बसच्या पायरीपर्यंत तो उचलत नाही. त्या गाडीमुळे मी कुणाचीही मिनतवारी न करता अंधेरीहून बोरिवलीला शाळेत शिकवायला जात होते. गाडी बंद म्हणजे नोकरी बंद आणि मी घरात बंद.

आणि गाडीची वाट लागत चालली होती. सिग्नल सुटला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही. मग एकदम पाठीत लाथ बसल्यासारखा झटका. मागचे लोक हॉर्नवर बसलेले. गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सचं तेल बदललं. नंतर तो खोलून आतल्या प्लेटी बदलल्या. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जुन्या प्लेटी त्यानं माझ्यासमोर आपटल्या. काळ्याठिक्कर, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा वास. "जळल्यात. कुणीतरी जाळल्याशिवाय जळत नाहीत," असं म्हणून त्यानं माझ्याकडेच बघितलं.

घरी सासऱ्यांना तर चेवच चढला. त्यांनी जन्मभर मुंबईत टॅक्सी चालवली. पैसा आणि पेट्रोल, दोन्ही थेंबाथेंबानं वाचवलं, हे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा ऐकून जातो. "बायल माणसाच्या हातात गाडी दिली की असाच होता," ते जेवताना म्हणायचे. माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असं. नवरा मान खाली घालून आमटी भुरकायचा आणि शेवटी म्हणायचा, "विकून टाकूया ना. किती डोक्याला ताप!" ताप त्याच्या डोक्याला! तो मेट्रोनं जातो.

माझी मात्र खात्री होती की मी काही चुकीचं करत नाही. रोज तोच रस्ता, तीच मुंगीच्या चालीची गर्दी. रविवारी तेवढी गाडी सासऱ्यांकडे असायची. मुलुंडला त्यांची बहीण राहते, तिच्याकडे जायला. मी आठवून बघितलं तेव्हा लक्षात आलं, झटके सोमवारी सकाळी सगळ्यात जास्त असायचे.

पुढच्या रविवारी मुलुंडच्या ह्या आत्याबाईंकडे पूजा होती. मी मुद्दाम मागे बसले, पाय सीटवर लांब करून. नवरा पुढे. सासरे ऐटीत चालवत होते. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरचा पूल चढून गाडी उताराला लागली आणि इंजिनाचा आवाज एकदम पडला. मी पुढे वाकून बघितलं. गिअर न्यूट्रलमध्ये. गाडी भन्नाट घरंगळत होती आणि म्हातारा खुशीत गुणगुणत होता. पूल संपताच त्यांनी तशाच वेगात खटकन डी, म्हणजे ड्राइव्हचा गिअर, टाकला. गाडी हिसका देऊन कण्हली. पुढच्या उताराला पुन्हा तेच.

"बाबा, काय करताय हे?"

"पेट्रोल वाचता."

"ऑटोमॅटिकमध्ये असं करायचं नसतं!"

"तुझो जन्म होवच्या आधीपासून मी गाडी चालवतंय. माका शिकवतंस?"

नवरा म्हणाला, "जुनी सवय आहे गं त्यांची, जाऊ दे ना."

"म्हणजे माझी गाडी विकायची आणि ह्यांची सवय ठेवायची?"

सोमवारी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बरोबर आहे, न्यूट्रलमध्ये इंजिन मंद होतं, मग आतला तेलाचा पंपही मंद. चाकं मात्र जोरात फिरतात. तेल पुरत नाही, आणि वर धावत्या गाडीत डी टाकला की प्लेटी जळणारच. "मग इतके दिवस दुसरं कोण चालवतं हे का नाही विचारलंस?" मी ओरडले. "घरच्या भानगडीत आपण पडत नाही," तो म्हणाला. लेडीज लोकांच्या पायांच्या भानगडीत मात्र पडला होता.

गिअरबॉक्स पुन्हा उघडला, पुन्हा भरला. ह्या वेळी किल्ली माझ्या पर्समध्ये गेली.

रविवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून खाली गाडीपाशी उभे राहिले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. "बसा, मी सोडते," म्हटलं. मुलाकडे त्यांनी वर गॅलरीत बघितलं. तो आत गेला. मग ते माझ्या शेजारी बसले, सबंध रस्ता जबडा आवळून.

पूल चढलो. उतार लागला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि त्यांचा हात शांतपणे पुढे येऊन गिअरवर पडला. गाडी माझी, चालवतेय मी, आणि हा माणूस शेजारी बसून न्यूट्रल टाकणार!

मी त्या हातावर फाडकन चापट मारली. सासरा म्हणून नाही, वय म्हणून नाही, काही म्हणून बघितलं नाही.

त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. उतार संपेपर्यंत गाडी डीमध्ये होती, आणि सोमवारी सकाळी मी शाळेत पोचले.