आत्याच्या पायाचं माप
आमची आत्या जोडवी करते. आजोबांमागे दुकान तिनेच चालवलं, आणि आमच्या भागातल्या निम्म्या नवऱ्या तिच्या हातची जोडवी घालून सासरी गेल्या. तिची स्वतःची बोटं मात्र मोकळीच. नव्या गिऱ्हाइकाची नजर आधी तिथेच जाते.

"तुम्ही नाही घातलीत?"

"दुसऱ्यांची करता करता राहूनच गेली," असं म्हणून ती तार खेचत राहते.

माप ती दोऱ्याने घेते, आणि मुलीला उभं करून. "बसल्या पायाचं माप खोटं. भार आला की बोट पसरतं. आणि लग्नानंतर बसायला मिळणारेय का तुला?" मुली खुदकन हसतात. सासूबाई सोबत असतील तर त्या छताकडे बघतात.

समोरच्या घड्याळवाल्या काकांनी यंदा तिला सरळच लग्नाचं विचारलं. बिचारे विधुर, स्वभावाने अबोल, चहाला मात्र रोज हजर. आत्याच्या मनात होतं, हे आंधळ्यालाही दिसेल इतकं उघड होतं. पण तिला धीर होईना. "लोक म्हणतील, म्हातारीने गुडघ्याला बाशिंग बांधलं." मग तिने खुसपट काढलं. स्वतःची जोडवी स्वतः करायची नाहीत आणि दुसऱ्या सोनाराच्या हातची पायात घालायची नाहीत. आईने कपाळावर हात मारला. काका नुसतं "बरं" म्हणाले आणि आपल्या दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच बोलावलं. "माप आणशील?"

मी कसली मागे राहतेय! दुपारी जेवून आत्या आडवी झाली होती. तिच्या बोटाला दोरा गुंडाळला. झोपेतच तिने लाथ झाडली, पण माप मिळालं.

काकांनी घड्याळाच्या चिमट्यांनी चांदीशी झटापट केली. बोटं भाजून घेतली. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी आत्यासमोर पुडी सोडली. तिने जोडवी उजेडात फिरवून पाहिली.

"सांधा दिसतोय."

"दिसतोय," काकांनी कबूल केलं.

तिने पाय पुढे केला. जोडवं अर्ध्यावर येऊन अडलं. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला पळून जावंसं वाटलं. "निजल्या पायाचं माप घेतलंस ना, गाढवे?"

काकांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी पुडीचा कागद घडी करायला घेतला. संपलं सगळं, असं मला वाटलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

आत्याने निमुळती लोखंडी दांडी आणि लाकडी हातोडी त्यांच्यापुढे सरकवली. "चढवा यावर, सैल होईल. ठोका. जरा फिरवत. अहो, घड्याळ नाहीये ते, घाबरताय काय!"

काका ठोकत राहिले, आत्या ओरडत राहिली. मग काकांनी खाली बसून, जीभ दातांत धरून, दोन्ही जोडवी तिच्या बोटांत सरकवली. आत्या दुकानभर चालून आली. चालताना तिचं तोंड जरा वाकडं झालं.

"टोचतायत का?" काका घाईघाईने म्हणाले. "काढू?"

"टोचतायत," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण एकदा घातली की काढत नसतात."