उलटी बाज

पाणी गळ्यापर्यंत होतं आणि डावा पाय मांडीतून लोंबत होता. मोटारीच्या पाइपला मिठी मारून मी एका पायावर उभी होते, आणि तो पाय चिखलात रुतत होता. मोटार पाणी का ओढत नाही ते बघायला वाकले, काठाचा दगड सुटला, दगडामागं मी. सत्तरी उलटलेल्या बाईनं एकटीनं विहिरीत वाकू नये, हे मला ठाऊक होतं. तरी वाकले.

बराच वेळ ओरडले. शेवटी शेजारच्या रानात कडबा बांधणाऱ्या बाईनं ऐकलं. तिनं विहिरीत डोकावलं, "अगं बया!" म्हणाली आणि गावात फोन लावला.

भूकंपानंतर आमचं गाव वर माळावर बसलं. रानं, विहिरी खाली जुन्या जागीच राहिल्या. रानात काही झालं की गावाला कळतं ते देवळाच्या भोंग्यावरून. भोंगा गुरवाकडं आहे. शेळी हरवली, रेशन आलं, कुणी मेलं, सगळं तोच सांगतो. मेलेल्यांचं सांगून सांगून त्याच्या जिभेला सवय लागलेली. वारा आमच्या रानाकडं होता. विहिरीत उभी राहून मी ऐकलं, "ग्रामस्थांना कळविण्यास अत्यंत दुःख होतं की..." पुढं माझं घर, माझी गल्ली. मग खाकरून, "विहिरीत पडल्या हायेत. दोर घिऊन या."

मला त्या पाण्यात राग आला. रागानं पाइपावरची पकड जरा घट्ट झाली, हे खरं.

मोटारसायकली आल्या, ट्रॅक्टर आला. काठावर डोकीच डोकी. सगळे एकदम बोलायला लागले. मग एक म्हातारा आवाज आला, "गप!" आणि सगळे गप्प झाले. हे आमच्या गावाला येतं. ढिगाऱ्याखालून कुणाचा आवाज येतो का, ते ऐकायला आम्ही शिकलो होतो. ज्यांनी भूकंप पाहिला नाही तेही असं गप्प बसायला शिकलेत.

"काकू, जित्या हाव न्हवं?"

"न्हाय. भोंग्यावर ऐकलं न्हाय का?"

वर हशा पिकला.

मोटारी काढणारा मिस्त्री आला. मुसलमान माणूस, गावातल्या प्रत्येक विहिरीचा तळ त्याच्या पायाखालचा. कमरेला दोर बांधून तो सरळ खाली उतरला आणि माझ्या काखेत खांदा दिला. "चाची, भार माझ्यावर टाका." मग मांडी चाचपून वर ओरडला, "नुसत्या दोरानं जमायचं न्हाय. पाय मोडलाय. बाज लागंल."

आता घरोघर लोखंडी पलंग. सुंभानं विणलेली लाकडी बाज गावात एकच उरली होती, माझ्या थोरल्या जावेची. बांधावरून आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. टेम्पोत बाज टाकून ती स्वतः आली. काठावरून तिचा आवाज ऐकू आला, "पडायची सवयच हाय तिला. लग्नात बी अडखळली हुती."

बाज सोडली. मिस्त्रीनं मला अर्धी चढवली, तेवढ्यात एका अंगाचा दोर ढिला पडला, बाज कलली आणि मी पुन्हा पाण्यात. मोडक्या मांडीची कळ डोक्यात गेली.

मिस्त्री ओरडला, "उलटी बांधा! बाजंचं चारी खूर वर करा. खुरांचा कठडा व्हतोय, माणूस घरंगळत न्हाय."

वर पुन्हा सगळे गप्प झाले. हे गप्प होणं वेगळं होतं. आमच्याकडं बाज उलटी करतात ती त्यावरून मढं उचललं की. किराणा दुकानाचे अप्पा म्हणाले, "जित्या माणसासाठी उलटी बाज? लई इपरीत. ढोकीहून क्रेन मागवा."

क्रेन येईपर्यंत मी टिकणार नव्हते. बोटं कळेनाशी झाली होती. मिस्त्रीचे दात वाजत होते आणि माझा सगळा भार त्याच्यावर होता. मी गेले असते तर त्यालाही घेऊन गेले असते.

"अप्पा," मी ओरडले, "भोंग्यावर मला मारलंच हाय. आता बाज उलटी झाली तर आनिक काय हुणार? बांधा!"

तरी कुणी हलेना. मग जाऊ बोलली, "बाज माझी हाय. माझ्या मालकाला हिच्यावरनंच उचललं, तवा उलटी केली. तेरा दिसांनी सुलटी करून मीच निजले. मला काय झालं? सरका!" बाज तिनं स्वतः उलटवली. खुरांना गाठी तिनंच मारल्या.

बाज खूर वर करून खाली आली. मिस्त्रीनं मला आत लोटलं. सुंभाचा झोळ पडला, मी दोन खूर धरले. एकेका दोराला पाच-सहा जण लागले. अप्पाही लागले. त्यांच्या तळहाताची साल निघाली.

गावाबद्दल मी चांगलं फार बोलत नाही. नळावर भांडतात, एकमेकांचा बांध कोरतात. पण हाक ऐकली की धावून येतात, आणि दोर सोडत नाहीत. एवढं असलं की गाव चांगलं, असं माझं मत आहे.

मला काठावर घेतलं. जावेनं बाजेवर हात फिरवला. "सुंभ भिजलं समदं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"वाळंल," मी म्हणाले.

मग तीच बाज, तशीच उलटी, मिस्त्रीसाठी पुन्हा सोडली. त्याला दोर धरण्याइतकीही ताकद उरली नव्हती. त्या विहिरीतून दोघं जिवंत निघालो. आधी मी, मग तो.